कोण कुठे गेलं? : दहावीआधीची रसायनशास्त्राची उजळणी

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की आठवी-नववीच्या रसायनशास्त्रातलं काय अडून राहिलंय ते कळवा, दहावीचा अभ्यास सुरू होण्याआधी ते निस्तरून घेऊ. पत्रं भरपूर आली. मुलांची आली, पालकांची आली, दोन शेतकऱ्यांचीही आली. वाचताना जाणवलं, की बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडलंय. सूत्रं पाठ आहेत, व्याख्या पाठ आहेत, पण त्या सूत्रामागे भांड्यात काय घडतंय ते डोळ्यांसमोर येत नाही.

तासगाव तालुक्यातल्या शाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. कुठलीही अभिक्रिया फळ्यावर लिहिली, की माझा वर्गाला एकच प्रश्न असायचा : कोण कुठे गेलं? इथे असलेला अणू तिथे गेला, हा इलेक्ट्रॉन याच्याकडून त्याच्याकडे गेला. एवढं सांगता आलं की नाव नंतर आठवलं तरी चालतं. खालची उत्तरंही त्याच प्रश्नाच्या आधारानं दिली आहेत.

बाई, समीकरण संतुलित करताना मी सूत्रातला खालचा आकडा बदलते, म्हणजे दोन्ही बाजू पटकन जुळतात. सर मात्र सगळे गुण कापतात. दोन्हीकडचे अणू सारखे झाले ना, मग चुकलं काय?
*दहावीत जाणारी विद्यार्थिनी, विटा*

चुकलं हे, की तू पदार्थच बदलून टाकलास, बाळा.

आठवीच्या वर्गात मी चिंचोके आणि तुरीचे दाणे घेऊन जायची. चिंचोका म्हणजे ऑक्सिजनचा अणू, तुरीचा दाणा म्हणजे हायड्रोजनचा. चिकटवायला मळलेली कणीक. ऑक्सिजन वायू जोडीनं असतो, म्हणून दोन चिंचोके एकमेकांना चिकटवलेले, हायड्रोजनचंही तसंच. प्रत्येकाला दोघांची एकेक जोडी द्यायची आणि म्हणायचं, आता यातून पाणी करा. पाण्याच्या रेणूत एका चिंचोक्याला दोन दाणे.

एका वर्षी मधल्या रांगेतल्या एका मुलीनं पाण्याचा एक रेणू केला आणि तिच्या हातात एक चिंचोका उरला. बराच वेळ ती तो बोटांत फिरवत बसली. मग कणकेचा लहानसा गोळा घेतला आणि तो चिंचोका त्याच रेणूला चिकटवून टाकला. 'बाई, आता काहीच उरलं नाही,' म्हणाली.

तू वहीत करतेस ते नेमकं हेच. तिच्या हातात आता दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन असलेला रेणू होता. तो पाण्याचा नाही, तो हायड्रोजन पेरॉक्साइडचा. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळतो, जखमेवर पडला की पांढरा फेस येतो, तोच. तहान लागल्यावर तो कुणी पिणार नाही. सूत्रातला खालचा आकडा म्हणजे त्या पदार्थाची ओळख आहे, तिला हात लावायचा नाही. आपल्या हातात असतो तो फक्त सूत्राच्या पुढचा आकडा, म्हणजे असे किती रेणू घ्यायचे तो.

मग त्या उरलेल्या चिंचोक्याचं काय करायचं? शेजारणीकडून तुरीच्या दाण्यांची आणखी एक जोडी मागून आणायची. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, त्यातून दोन पाणी. त्या मुलीनं उठून जोडी आणली, दुसरा रेणू केला आणि दोन्ही रेणू वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवून तासभर जपले. समीकरण संतुलित करणं म्हणजे खरंच एवढंच : पुरेसा माल मागवणं.

आता जरा अवघड उदाहरण घे. लालबुंद तापलेल्या लोखंडावरून पाण्याची वाफ सोडली, की लोखंडाचं काळं ऑक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतो. त्या ऑक्साइडमध्ये लोखंडाचे ३ अणू आणि ऑक्सिजनचे ४. सुरुवात नेहमी अशा सगळ्यांत गुंतागुंतीच्या सूत्रापासून कर. ३ लोखंड लागणार, ते उघडच आहे. ४ ऑक्सिजन फक्त पाण्यातून येऊ शकतात, म्हणजे पाण्याचे ४ रेणू. ४ रेणूंबरोबर हायड्रोजनचे ८ अणू आले, ते जोड्यांनी बाहेर पडले, म्हणजे हायड्रोजनचे ४ रेणू. झालं. एकटं, सुटं मूलद्रव्य शेवटी जुळवायचं, कारण त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कुणाचा हिशेब बिघडत नाही.

आणि शेवटी वजन करून बघ. लोखंडाचं अणुवस्तुमान ५६, तिघांचे १६८. पाण्याचं १८, चौघांचे ७२. डावीकडे एकूण २४०. उजवीकडे ऑक्साइडचे १६८ आणि ६४ मिळून २३२, हायड्रोजनचे ८. पुन्हा २४०. फ्रान्सच्या लव्हाझिएनं अठराव्या शतकात बंद भांड्यांत पदार्थ जाळून, तापवून, आधी आणि नंतर तराजूत घालून जे दाखवलं, तेच तू पेन्सिलीनं पडताळलंस. द्रव्य अक्षय्यतेचा नियम वेगळा पाठ करण्याची गरज नाही, प्रत्येक संतुलित समीकरणात तो बसलेला असतो.

ढोकळा वाफवल्यावर त्यात कधी कधी लाल ठिपके दिसतात. मुलगा म्हणतो बेसनात भेसळ आहे. आपण विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून विचारते.
*एक गृहिणी, कोल्हापूर*

ताई, ते ठिपके हळदीचे आहेत. मुलाला स्वयंपाकघरात बोलवा, त्याचा नववीतला आम्ल, आम्लारी आणि क्षारांचा धडा इथेच पक्का होईल.

खाण्याचा सोडा पिठात नीट विरघळला नाही, की त्याचे बारीक खडे तसेच राहतात. वाफेच्या उष्णतेनं त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. त्यामुळे ढोकळा फुगतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. तो मूळ सोड्यापेक्षा बराच जास्त आम्लारीधर्मी. त्या कणाभोवतालची हळद लाल होते. हळदीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग तांबडा होतो, त्याचं कारणही हेच.

इथे कोण कुठे गेलं? हळदीतला रंग म्हणजे कुरकुमिन नावाचा पदार्थ. आजूबाजूला आम्लारी असली, की कुरकुमिनच्या रेणूतून हायड्रोजनचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, निघून जातो. तेवढ्यानं रेणूची प्रकाश शोषण्याची रीत बदलते, आणि पिवळ्याचं लाल दिसायला लागतं. त्या ठिपक्यावर लिंबाचा एक थेंब पिळा. लिंबातलं सायट्रिक आम्ल हायड्रोजन आयन परत देतं आणि ठिपका डोळ्यांदेखत पिवळा होतो. पुन्हा चिमूटभर सोडा टाका, पुन्हा लाल. दर्शक म्हणजे काय, हे याहून चांगलं मला सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतला लिटमस आणि फिनॉल्फ्थॅलिन हेच काम करतात.

पुढच्या वेळी सोडा आधी दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळवून मगच पिठात घाला.

मुलाला आणखी एक करायला सांगा. जास्वंदीच्या चार लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोन वाट्यांत घ्यायचं. एकीत लिंबू पिळायचं, दुसरीत सोडा घालायचा. पहिली वाटी गडद गुलाबी होते, दुसरी हिरवट. हळदीचं आणि जास्वंदीचं वागणं एका तक्त्यात मांडायला लावा. हळद आम्लात रंग बदलत नाही, जास्वंद दोन्हीकडे बदलते. मग हळदीवरून आम्ल ओळखता येईल का, हा प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर त्याचं त्यालाच शोधू द्या.

माती परीक्षणात आमच्या एका रानाचा सामू ७ आणि दुसऱ्याचा ८ आला. फरक फक्त एकाचा आहे, म्हणजे जवळपास सारखंच ना?
*नववीचा विद्यार्थी, जत*

नाही रे. सामू म्हणजे pH, माती किती आम्लधर्मी किंवा आम्लारीधर्मी आहे त्याचं माप. त्याच्या मोजपट्टीवर एक पायरी म्हणजे १० पट. ७ चा ८ झाला म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहावा हिस्सा उरलं. ७ चा ९ झाला असता तर शंभरावा. १९०९ साली कोपनहेगनमधल्या सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञानं ही पट्टी मांडली. हायड्रोजन आयनांचं प्रमाण लिहायला दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लागायची, ती टाळून सुटसुटीत आकडा मिळावा म्हणून. तेव्हा वडिलांना सांग, दोन्ही रानांना एकच खत, एकच मात्रा असं ठरवण्याआधी अहवाल घेऊन कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांकडे जा.

आम्ही द्राक्षाला बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण, मारतो. वडील मिश्रण झाल्यावर त्यात विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घालतात. असं का, ते त्यांनाही सांगता येत नाही. हे आमच्या पुस्तकात कुठे आहे का?
*दहावीचा विद्यार्थी, तासगाव तालुका*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, दीड एकर द्राक्षबाग होती. तेही हेच करायचे. चौथी शिकलेला माणूस, पण विळा पाण्यातून काढल्यावर उन्हाकडे तिरका धरून इतकं बारकाईनं बघायचे, की त्यानंतर वर्गात विस्थापन अभिक्रिया शिकवताना मला नेहमी तो विळाच आठवायचा. पुस्तकात हे आहे तर. 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा धडा काढ. लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात टाकल्याचा प्रयोग आहे ना, तोच हा. तुझे वडील खिळ्याऐवजी विळा घेतात, एवढाच फरक.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात टाकलं, की तांब्याचे आयन सुटे होऊन फिरायला लागतात. द्रावणाचा निळा रंग त्यांचाच. त्यात लोखंड बुडवलं की देवाणघेवाण होते. लोखंड तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील. लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. तेच दोन इलेक्ट्रॉन तांब्याचा आयन घेतो आणि तांब्याचा अणू होऊन विळ्यावर बसतो. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण, आणि दोन्ही एकाच वेळी झालं म्हणून रेडॉक्स अभिक्रिया. एका विळ्यात धड्यातल्या तीन व्याख्या झाल्या. उलटं मात्र होत नाही. लोखंडाच्या क्षाराच्या द्रावणात तांब्याची तार महिनाभर ठेवली तरी तिच्यावर लोखंड चढणार नाही.

आता चुन्याकडे येऊ. चुना घातला, की तांब्याचे आयन चुन्यातल्या हायड्रॉक्साइडला धरून बसतात आणि न विरघळणारा निळसर अवक्षेप तयार होतो. फवारणीनंतर पानावर जो निळसर पांढरा थर राहतो तो हाच. चुना पुरेसा असेल तर पाण्यात तांब्याचा सुटा आयन जवळजवळ उरत नाही. मग विळ्यावर यायला तांबं आहेच कुठे? विळा स्वच्छ निघतो. चुना कमी पडला तर सुटे आयन शिल्लक असतात, ते विळ्यावर चढतात. विळ्यावर चढणारे हेच सुटे आयन कोवळ्या पानालाही करपवतात. म्हणजे विळ्याला जे दिसलं ते पानाचं होणार होतं. वडील अंदाजानं काही करत नाहीत, ते चाचणी घेतात. त्यांना हे सांग.

हे मिश्रण लोखंडी पिंपात करायचं नाही, प्लॅस्टिकच्याच पिंपात करायचं, हा दंडकही याच कारणानं. पिंपच तांबं खाऊन टाकेल आणि स्वतःही झिजेल.

आता थोडा हिशेब, कारण दहावीला तो उपयोगी पडेल. १ टक्का बोर्डोसाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद घेतात. निळ्या मोरचुदाच्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे ५ रेणू बांधलेले असतात, त्याला स्फटिकजल म्हणतात. तांबं ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजनचे ६४, आणि पाण्याचे ९०. बेरीज २४९.५. म्हणजे तू दुकानातून १ किलो मोरचूद आणलंस, तर त्यात सुमारे ३६० ग्रॅम पाणी आणि सुमारे २५४ ग्रॅम तांबं असतं. कोरडे खडखडीत दिसणारे खडे, पण तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पाणी. परीक्षानळीत चिमूटभर तापवलंस तर ते पाणी नळीच्या तोंडाशी थेंबाथेंबानं जमलेलं दिसेल आणि खाली पांढरी भुकटी राहील. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळी. हे शाळेच्या प्रयोगशाळेत, सरांसमोर कर, घरी नको. मोरचूद विषारी आहे.

चुन्याचाही हिशेब असाच निघतो. १ किलो मोरचुदाला शुद्ध, विरी गेलेला चुना ३०० ग्रॅमच्या आसपास पुरायला हवा. मग वडील त्याहून कितीतरी जास्त का घालतात? कारण पोत्यातला चुना शुद्ध नसतो. उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे फळ्यावर लिहायचा खडू ज्यापासून करत ते. खडूनं हे काम होत नाही. चुना किती जुना, किती हवा लागलेला, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ठरलेलं माप उपयोगाचं नाही, विळाच हवा. त्याच्या जोडीला शाळेतून लिटमसची पट्टी मागून घे. निळी पट्टी मिश्रणात लाल झाली तर चुना कमी आहे.

मिश्रणाचं नाव फ्रान्समधल्या बोर्डो शहरावरून पडलं. तिकडे मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. एके साली सगळीकडे डाऊनी रोगानं, आपल्या केवड्यानं, पानं गेली होती. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकानं पाहिलं, की रस्त्याकडेच्याच वेली तेवढ्या हिरव्या आहेत. त्यावर काम करून १८८५ साली त्यानं हे मिश्रण जाहीर केलं. आज तुमच्या बागेत जे पंपात भरतात ते तिथून आलेलं आहे.

मोल ही संकल्पना मला अजिबात समजत नाही. ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात, एवढा विचित्र आकडा कशासाठी? सरळ १०० किंवा १००० का नाही घेतला?
*दहावीचा विद्यार्थी, मुंबई*

आकड्याला घाबरू नकोस, तो सध्या बाजूला ठेव. घरात वजनकाटा असेल तर तीन वाट्या घे. एका वाटीत १८ ग्रॅम पाणी, ते जेमतेम सव्वा टेबलचमचा भरेल. दुसरीत ५८.५ ग्रॅम मीठ. तिसऱ्या, मोठ्या वाटीत ३४२ ग्रॅम साखर. तिन्ही शेजारी शेजारी ठेव आणि बघ. साखरेचा डोंगर, पाणी तळाशी. तरीही तिन्ही वाट्यांत कणांची संख्या सारखीच आहे. पाण्याचे जितके रेणू, तितकेच साखरेचे रेणू, तितक्याच मिठातल्या सोडियम-क्लोरिनच्या जोड्या.

असं कसं? साखरेचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूच्या १९ पट जड आहे. ३४२ ला १८ नं भाग, बरोबर १९ येतात. मग साखर वजनानं १९ पट घेतली तर रेणूंची संख्या सारखीच येणार. लिंबं आणि कलिंगडं सारख्या संख्येनं हवी असतील आणि मोजायला वेळ नसेल, तर एका कलिंगडाचं वजन एका लिंबाच्या किती पट आहे ते काढायचं आणि त्या पटीत तोलून घ्यायचं. रेणू मोजता येत नाहीत, पण तोलता येतात. मोल म्हणजे तोलून मोजण्याची युक्ती. बास, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

आता तो आकडा. रेणुवस्तुमान आपण ज्या एककात लिहितो ते फार लहान. पाण्याच्या एका रेणूचं १८, ते त्या लहान एककात. तोच १८ आकडा ग्रॅममध्ये हवा असेल तर किती रेणू गोळा करावे लागतील, याचं उत्तर म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात. हा आकडा कुणी बसून निवडला नाही, ग्रॅम आणि अणू यांच्यातल्या अंतरातून तो निघाला. १०० घेतले असते तर प्रत्येक वेळी रेणुवस्तुमानाचं ग्रॅममध्ये रूपांतर करायला वेगळा गुणाकार लागला असता. आता मात्र कॅल्शियम कार्बोनेटचं वस्तुमान १०० म्हटलं, की १०० ग्रॅम म्हणजे १ मोल, विचार संपला. मे २०१९ पासून हा आकडा ६.०२२१४०७६ असा कायमचा निश्चित करून मोलची व्याख्याच त्याच्यावर बेतली आहे. ॲव्होगॅड्रोनं स्वतः तो मोजला नव्हता. समान तापमानाला, समान दाबाला, समान आकारमानाच्या वायूंत रेणू समान असतात, ही त्याची १८११ सालची कल्पना. त्याच्या नावाचा मान या आकड्याला ज्याँ पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९०९ साली दिला.

गणित सोडवताना एवढंच कर. ग्रॅम दिले असतील तर आधी मोल काढ. समीकरण मोलची भाषा बोलतं, ग्रॅमची नाही. पहिल्या उत्तरातलं लोखंड आणि वाफेचं समीकरण पुन्हा वाच : ३ मोल लोखंडाला ४ मोल पाणी. मुलं ३ ग्रॅमला ४ ग्रॅम समजतात आणि तिथेच गणित बुडतं.

मीठ पाण्यात विरघळणे हा भौतिक बदल की रासायनिक? क्लासमध्ये एक सांगतात, शाळेत दुसरे.
*आठवीची विद्यार्थिनी, मालवण*

परीक्षेत भौतिक लिही. पाणी उडून गेलं की तेच मीठ परत मिळतं, हे कारण दे. तुमच्या जिल्ह्यात शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तिथल्या मिठागरात समुद्राचं पाणी उन्हात ठेवून मीठच तर काढतात. तुझ्या क्लासमधल्या सरांना बहुधा असं म्हणायचं असेल, की मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयन एकमेकांना घट्ट धरून असतात आणि पाण्यात ते सुटतात. ते खरं आहे. पण आयन आधीही आयनच होते, नंतरही आयनच राहिले. नवा पदार्थ झाला नाही.

आवर्तसारणी पाठ करण्याची सोपी युक्ती सांगा. ११८ मूलद्रव्ये कशी लक्षात राहणार?
*एक पालक, सोलापूर*

११८ पाठ करायला लावू नका, कृपा करून. पहिली २० मूलद्रव्यं क्रमानं आली, त्यांचं इलेक्ट्रॉन संरूपण लिहिता आलं, की शाळेपुरतं भागतं. बाकीच्यांची जागा पाहून स्वभाव सांगता यायला हवा, आणि सारणी केली गेली ती त्यासाठीच. मुलाला कोरा कागद द्या, २० नावं अणुअंकानुसार लिहू द्या आणि बाह्यतम कवचात जितके इलेक्ट्रॉन तितक्या क्रमांकाच्या रकान्यात मांडू द्या. लिथियम, सोडियम, पोटॅशियम आपोआप एकाखाली एक येतील. तिघांच्याही बाहेर एकच इलेक्ट्रॉन, तिघंही तो द्यायला उतावीळ, म्हणून तिघंही पाण्याशी जोरात अभिक्रिया करतात. हे स्वतः मांडून पाहिलेलं मूल विसरत नाही.

मेंडेलीव्हची गोष्टही त्याला सांगा. १८६९ साली सारणी करताना जिथे योग्य गुणधर्माचं मूलद्रव्य मिळेना, तिथे त्यानं जागा रिकामी ठेवली. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या जागेला नाव दिलं एका-ॲल्युमिनियम. त्यातलं 'एका' हे आपलं संस्कृत 'एक'. त्याची घनता ५.९ असेल असंही त्यानं लिहून ठेवलं. १८७५ मध्ये लकॉक द बुआबोद्राँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला ते मूलद्रव्य सापडलं, नाव ठेवलं गॅलियम. त्यानं घनता मोजली ती ४.७ भरली. मेंडेलीव्हनं रशियातून कळवलं, की तुमचा नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजा. नमुना शुद्ध करून मोजल्यावर आकडा आला ५.९. ज्यानं तो धातू कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता त्याचं बरोबर निघालं, कारण त्या रकान्यातल्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना तो ओळखत होता.

घरी करता येतील असे प्रयोग सांगा, मुलगी सातवीत आहे. बाथरूम साफ करायच्या ॲसिडनं काही करता येईल का?
*एक पालक, नाशिक*

त्या बाटलीला तिला हात लावू देऊ नका. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आणि मोठ्यांनीही एक कधीच करू नये : ते ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकून फरशी धुणं. दोघांच्या अभिक्रियेतून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. चुनकळीही घरी पाण्यात टाकू नका, उकळी फुटून डोळ्यांत उडते.

त्याऐवजी पानाच्या टपरीवरचा तयार चुना आणा. वाटाण्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळून झाकून ठेवा. दोन-तीन तासांनी गाळ खाली बसेल, वरचं स्वच्छ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या काचेच्या पेल्यात ओता. ही चुन्याची निवळी. तुमच्यासमोर, तिला चष्मा किंवा गॉगल घालून, लांब नळीनं त्यात हळूहळू फुंकू द्या. ओढायचं मात्र नाही, हे दोनदा बजावा. काही फुंकरांत निवळी दुधाळ होईल. तिच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याला गाठलं आणि खडूचे बारीक कण तयार झाले.

तिथे थांबायचं नाही. मध्ये विश्रांती घेत फुंकत राहायला सांगा. बराच वेळ लागतो, तोंड दुखतं, पण दुधाळ झालेलं पाणी पुन्हा निवळायला लागतं. मग ते पाणी लहान पातेल्यात घेऊन तुम्ही गॅसवर उकळा आणि तळाशी काय येतं ते तिला दाखवा. बोअरचं पाणी तापवायच्या तुमच्या भांड्याच्या आतल्या थराशी ते ताडून बघा.

दुधाळ झालेला खडू पुन्हा कुठे गेला आणि उकळल्यावर परत कुठून आला, हे तिनं तिच्या शब्दांत लिहून पाठवावं. पुढच्या अंकाची सुरुवात तिच्या पत्रानं करेन.